व्हीलॅन इंटरफेसचा मॅक आयडी

मॅनेज्ड स्विचला दोन प्रकारची दारे असतात. एक प्रकार डोळ्यांना दिसतो: केबल खोचायची पोर्ट आणि त्यांच्यावर लुकलुकणारे दिवे. दुसरा प्रकार फक्त कॉन्फिगरेशनमध्ये असतो: व्हीलॅनचा, म्हणजे स्विचमध्ये पाडलेल्या आभासी भागाचा, इंटरफेस. त्याला ना सॉकेट, ना दिवा, ना केबल. तरीही इथरनेटवर बोलायचे म्हटले की मॅक आयडी हा पत्ता त्यालाही लागतोच. भोसरी-चिंचवडच्या जुन्या वर्कशॉपपासून चाकण परिसरातल्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडीतल्या कारखान्यांपर्यंत यंत्रे चालवणारे पीएलसी, रोबो आणि ऑपरेटरचे एचएमआय पडदे यांचा आपल्या व्हीलॅनबाहेर जाण्याचा रस्ता बहुतेक ठिकाणी अशाच इंटरफेसमधून जातो. ज्याला स्वतःचे सर्किटच नाही अशा इंटरफेसला हार्डवेअरचा पत्ता कुठून आणायचा, याचा तपशील मानकाने बांधून दिलेला नाही. स्विच बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या रीती ठरवल्या आहेत. या सगळ्या रीतींच्या मुळाशी एकच नियम आहे: मॅक आयडी आपल्या व्हीलॅनपुरता एकमेव असला की पुरे.

पत्ता यंत्राचा की जोडणीचा?

इथरनेटची सुरुवात १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाली. त्या पहिल्या जाळ्यात संगणकाचा पत्ता ८ बिटांचा होता. एका जाळ्यापुरते ते भागे. पण दोन जाळी जोडायची वेळ आली की तेच क्रमांक दोन्हीकडे निघत. १९८० मध्ये डेक, इंटेल आणि झेरॉक्स यांनी इथरनेटचा संयुक्त आराखडा जाहीर केला, तेव्हा पत्ता ४८ बिटांचा झाला. एवढी रुंदी का घेतली, याचे विवेचन योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या शोधनिबंधात केले. दलाल हे पवईच्या आयआयटी मुंबईचे १९७२ चे विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर. स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी टीसीपीचा डिसेंबर १९७४ चा आराखडा लिहिला होता.

दलाल आणि प्रिंटिस यांच्या मांडणीत क्रमांक यंत्राचा होता. तो यंत्राला कायमचा मिळावा, यंत्र कोणत्याही जाळ्यात नेले तरी बदलू नये, आणि एकच यंत्र अनेक जाळ्यांना जोडलेले असेल तर सगळीकडे त्याने तोच क्रमांक सांगावा, असा तो विचार होता. व्यवहारात मात्र पत्ता नेटवर्क कार्डातल्या चिपमध्ये लिहिला जाऊ लागला आणि एका यंत्रात दोन कार्डे आली की पत्तेही दोन झाले. म्हणजे पत्ता यंत्राकडून जोडणीकडे सरकला. तरी जुना विचार पुरता गेला नाही: सन कंपनीची वर्कस्टेशन बरीच वर्षे आपल्या सगळ्या इथरनेट पोर्टवर एकच पत्ता वापरत. व्हीलॅन इंटरफेसला पत्ता देताना स्विच बनवणाऱ्यांपुढे हाच जुना पेच पुन्हा उभा राहिला आणि त्याची उत्तरेही दोन निघाली.

पत्त्याची रचना

मॅक आयडी दोन-दोन अंकांच्या सहा जोड्यांत लिहितात. अंक सोळाच्या पायावरचे असतात, त्यामुळे ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे येतात. पहिल्या तीन जोड्या, म्हणजे २४ बिट, बनवणाऱ्या कंपनीची ओळख सांगतात आणि त्यांचे वाटप आयईईई ही संस्था करते. कारखान्यातल्या पॅनेलमध्ये नेहमी दिसणाऱ्यांपैकी ००-८०-६३ हे हिर्शमानचे, ००-९०-ई८ हे मोक्साचे आणि ००-००-बीसी हे रॉकवेलचे. उरलेल्या २४ बिटांत १,६७,७७,२१६ पत्ते बसतात. ते संपले की कंपनी नवा गट घेते. लहान उत्पादकांसाठी ४,०९६ पत्त्यांचा छोटा गटही मिळतो.

पहिल्या जोडीतले शेवटचे दोन बिट खास कामाचे आहेत. शेवटचा बिट १ असेल तर पत्ता एका यंत्राचा नसून गटाचा असतो. त्याच्या अलीकडचा बिट १ असेल तर पत्ता आयईईईच्या वाटपातला नसून जागेवरच कोणीतरी ठरवलेला असतो. एका यंत्राच्या अशा पत्त्यात दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. एखाद्या व्हीलॅन इंटरफेसला हाताने पत्ता द्यायची वेळ आली, तर तो याच जातीचा निवडला की कोणत्याही उत्पादकाच्या पत्त्याशी टक्कर होत नाही.

कारखान्यातले व्हीलॅन

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी भागात वाहने व सुट्या भागांचे कारखाने दाटले. त्या पिढीतली यंत्रे रिले आणि तारांवर चालत. पुढे प्रोफिबससारख्या फील्डबस आल्या. प्रोफिबसवर उपकरणाचा पत्ता ० ते १२५ मधला साधा आकडा असे, आणि बऱ्याच उपकरणांवर तो छोटे स्विच स्क्रू ड्रायव्हरने फिरवून लावावा लागे. चाकणकडे मोठे कारखाने वळले ते नंतर: बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. तोवर औद्योगिक इथरनेट रुळू लागले होते आणि पत्ता लावायचे काम स्क्रू ड्रायव्हरकडून उत्पादकाच्या चिपकडे गेले होते.

एकाच इथरनेटवर वेल्डिंग रोबो, पेंट शॉपचे पीएलसी, कॅमेरे आणि ऑफिसचे संगणक सोडले तर प्रत्येकाचा ब्रॉडकास्ट सगळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून एकाच स्विचचे अनेक वेगळे स्विच असल्यासारखे भाग पाडतात, तेच व्हीलॅन. त्याचे ८०२.१क्यू हे मानक १९९८ चे आहे. फ्रेममध्ये ४ बाइटची चिठ्ठी घालतात. तिच्यातले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. त्यातून ४,०९६ क्रमांक होतात. पहिला आणि शेवटचा राखीव असल्याने ४,०९४ वापरता येतात.

प्रोफिनेट या औद्योगिक इथरनेट पद्धतीचा वेळेला बांधलेला संवाद आयपीचा आधार घेत नाही. त्याच्या फ्रेमवर ८८९२ हा प्रकार-क्रमांक असतो आणि त्या मॅक आयडीवरूनच पोचवल्या जातात. राउटरला समजेल असे त्यांच्यात काही नसल्यामुळे त्या व्हीलॅनची हद्द ओलांडत नाहीत. म्हणून एका सेलमधले पीएलसी, ड्राइव्ह आणि रिमोट आयओ एकाच व्हीलॅनमध्ये ठेवतात. उत्पादनाचे आकडे सर्व्हरकडे पाठवणे, प्रोग्राम उतरवून घेणे, दुरून निदान करणे अशी आयपीवरची कामे तेवढी व्हीलॅन इंटरफेसमधून जातात.

इंटरफेसला पत्ता का लागतो

समजा, वेल्ड शॉपचा पीएलसी व्हीलॅन १० मध्ये आहे आणि त्याचा आयपी १०.१०.१०.२१ आहे. उत्पादनाची नोंद ठेवणारा सर्व्हर व्हीलॅन २० मध्ये १०.१०.२०.५ वर आहे. पत्ता आपल्या सबनेटमधला नाही हे पीएलसी ओळखतो आणि गेटवे शोधतो. गेटवे म्हणजे व्हीलॅन १० चा इंटरफेस, आयपी १०.१०.१०.१. पीएलसी एआरपीने सगळ्यांना विचारतो, ‘१०.१०.१०.१ कोणाकडे आहे?’ स्विच त्या इंटरफेसचा मॅक आयडी कळवतो. तो ४१ या जोडीने संपतो असे धरू. पीएलसी फ्रेमवर पोचण्याचा पत्ता म्हणून हाच मॅक आयडी लिहितो, आतल्या पॅकेटवर मात्र सर्व्हरचा आयपी असतो.

फ्रेम स्विचमध्ये आली की चिप आधी पाहते, हा मॅक आयडी आपलाच आहे का? दुसऱ्या कोणाचा असेल तर फ्रेम त्या पोर्टवर ढकलून ती मोकळी होते. आपला असेल तर पॅकेट उघडून आयपीचे कोष्टक पाहिले जाते, आयुर्मर्यादेचा आकडा एकने घटवला जातो आणि फ्रेम नव्याने बांधली जाते. आता पाठवणाऱ्याच्या जागी व्हीलॅन २० च्या इंटरफेसचा मॅक आयडी येतो, समजा ४२ ने संपणारा, आणि घेणाऱ्याच्या जागी सर्व्हरचा. पीएलसीचा मॅक आयडी व्हीलॅन २० मध्ये कधीच दिसत नाही. रूटिंग न करणाऱ्या साध्या मॅनेज्ड स्विचलाही किमान एक व्हीलॅन इंटरफेस लागतो. त्याच्या आयपीवरून त्या स्विचचे व्यवस्थापन होते.

‘हा पत्ता आपला आहे का?’ ही तपासणी प्रत्येक फ्रेमवर चिपमध्येच करावी लागते. आपला पत्ता एकच असेल तर एका तुलनेत काम भागते. प्रत्येक इंटरफेसचा वेगळा असेल तर चिपमध्ये स्वतःच्या पत्त्यांचे छोटे कोष्टक ठेवावे लागते. हे कोष्टक किती मोठे असू शकेल, यावर उत्पादकाची रीत बरीचशी ठरते.

पत्ता येतो कुठून

स्विच कारखान्यातून निघताना त्याच्या आतल्या कायमस्वरूपी मेमरीत एक मूळ पत्ता आणि त्याच्यापुढच्या सलग पत्त्यांचा संच लिहिलेला असतो. मूळ पत्ता बहुधा बाहेरच्या लेबलवरही छापलेला असतो. या संचातूनच पुढची वाटणी होते.

पहिली रीत प्रत्येक इंटरफेसला वेगळा पत्ता देण्याची. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३५६० आणि ३७५० या मालिका तिचे परिचित उदाहरण. मूळ पत्त्याची शेवटची जोडी ०० असेल तर त्याच्या लगतचे पुढचे पत्ते प्रत्यक्ष पोर्टना जातात. व्हीलॅन इंटरफेससाठी सोळाच्या पायावर ४० ची, म्हणजे आपल्या मोजणीत ६४ ची, उडी घेतली जाते. व्हीलॅन १ ला ४० ने संपणारा, पुढच्या इंटरफेसना ४१, ४२ असे पत्ते मिळतात. हा शेवटचा आकडा व्हीलॅनचा क्रमांक नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. पत्ता इंटरफेस बनण्याच्या क्रमाने दिला जात असेल, तर व्हीलॅन १, १० आणि २० नंतर बनवलेल्या व्हीलॅन ५ ला ४३ मिळेल. अशा स्विचने रीस्टार्टनंतर कॉन्फिगरेशन क्रमांकवार वाचले, तर व्हीलॅन ५ ला ४१ जाऊन मागच्यांचे पत्ते एकेकाने सरकू शकतात.

दुसरी रीत सगळ्या इंटरफेसना एकच पत्ता देण्याची. सिस्कोचे मोठे कॅटॅलिस्ट ६५०० आणि नेक्सस, अरिस्ताचे स्विच, एचपीच्या प्रोकर्व्ह मालिकेतली अनेक मॉडेल मूलतः याच रीतीने चालतात. पत्ता यंत्राचा, ही झेरॉक्सची धारणा इथे कायम आहे. लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणांतही मूळ कार्डावर व्हीलॅन इंटरफेस काढला की तो कार्डाचाच पत्ता घेतो. लिनक्सचा ब्रिज मात्र, हाताने पत्ता दिलेला नसेल तर, जोडलेल्या पोर्टपैकी सर्वांत लहान पत्ता उचलतो. त्यामुळे नवे पोर्ट जोडले की ब्रिजचा स्वतःचा पत्ता बदलू शकतो.

अनेक स्विचांत तिसरी वाटही असते: व्यवस्थापकाने एकेका इंटरफेसला हाताने पत्ता द्यायचा. तिची गरज कुठे पडते ते पुढे येईल.

पत्त्यांची काटकसर

सलग पत्त्यांचा संच किती मोठा असावा, हा प्रश्न स्पॅनिंग ट्रीमुळेही आला. जाळ्यातले फेरे तोडणारी ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी डेकमध्ये १९८५ मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येक ब्रिजची ओळख १६ बिटांचा प्राधान्यक्रम आणि ४८ बिटांचा मॅक आयडी मिळून होते. सिस्कोने प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा स्पॅनिंग ट्री चालवला, तेव्हा दर व्हीलॅनला वेगळी ओळख हवी म्हणून वेगळा मॅक आयडी खर्ची पडू लागला. त्यासाठी जुन्या कॅटॅलिस्ट ६५०० चॅसिसमध्ये १,०२४ पत्त्यांचा संच असे.

मग प्राधान्यक्रमाच्या १६ बिटांपैकी ४ ठेवून उरलेले १२ व्हीलॅनच्या क्रमांकाला देण्यात आले. व्हीलॅनचा क्रमांकच ओळखीत आल्यामुळे मॅक आयडी सगळ्यांना एक चालू लागला आणि नंतरच्या चॅसिसमध्ये ६४ पत्त्यांवर भागले. स्पॅनिंग ट्रीचा प्राधान्यक्रम ४,०९६ च्या पटीतच का द्यावा लागतो, याचे उत्तर या बदलात आहे.

एकच पत्ता चालतो कसा

चाकण परिसरातल्या कंपन्यांच्या पाट्यांवर गट क्रमांक आणि गाव जोडीने लिहिलेले असते. तोच गट क्रमांक महाळुंग्यातही असतो आणि खराबवाडीतही, आणि गाव सांगितले की ट्रकवाला चुकत नाही. स्विचही मॅक आयडीची नोंद व्हीलॅनसकट करतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे, याच्या वहीत प्रत्येक व्हीलॅनचे पान वेगळे असते. वापरात नसलेली नोंद साधारण ३०० सेकंदांनी पुसली जाते. व्हीलॅन १० च्या पानावर ४० ने संपणारा पत्ता एका पोर्टवर आणि व्हीलॅन २० च्या पानावर तोच पत्ता दुसऱ्या पोर्टवर असला तरी गोंधळ होत नाही.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीतही हाच हिशेब आहे. तिथे इंटरफेसचा स्थानिक पत्ता मॅक आयडीपासून बनवण्याची एक पद्धत आहे. मॅक आयडी एक असेल तर सगळ्या व्हीलॅनवर हा स्थानिक पत्ताही एकच निघतो. तो त्या-त्या जाळ्यापुरताच लागू असल्याने चालतो.

कुठे अडते

पाने वेगळी राहतात तोवरच हे जमते. काही स्विचांत सगळ्या व्हीलॅनची मिळून एकच वही असते, ८०२.१क्यू मानकाला दोन्ही प्रकार मान्य आहेत. अशा स्विचला एकच पत्ता वापरणाऱ्या रूटिंग स्विचशी प्रत्येक व्हीलॅनची वेगळी केबल टाकून जोडले, तर त्याला तोच पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसतो. शेवटी जिथे दिसला तिथे तो फ्रेम पाठवतो आणि दुसऱ्या व्हीलॅनची वाहतूक चुकीच्या केबलकडे जाते. लक्षण मोठे फसवे: पिंग कधी लागते, कधी लागत नाही, आणि केबल बदलूनही फरक पडत नाही. प्रोकर्व्ह स्विचांच्या पुस्तिकांत या जोडणीबद्दल स्पष्ट सूचना आहे. उपाय म्हणजे दोन्ही व्हीलॅन चिठ्ठी लावून एकाच केबलवरून नेणे.

दुसरी अडचण फायरवॉलची. चालू लाइनवरच्या यंत्रांचे आयपी बदलणे जिकिरीचे असते. यंत्र बनवणाऱ्याने प्रोग्राममध्ये ते जागोजागी घातलेले असतात. म्हणून शॉप फ्लोअर आणि बाकीचे जाळे यांच्यामध्ये फायरवॉल बसवताना ती पुष्कळदा पारदर्शक पद्धतीने, म्हणजे दोन व्हीलॅन जोडणाऱ्या ब्रिजसारखी, बसवतात. तिच्या दोन्ही बाजूंना एकाच स्विचचे दोन व्हीलॅन इंटरफेस आले आणि त्यांचा मॅक आयडी एकच असला, तर फायरवॉलला तोच पत्ता आतही दिसतो आणि बाहेरही. इथे एका इंटरफेसला हाताने वेगळा पत्ता द्यावा लागतो. घाईत टाकलेल्या पॅच कॉर्डने व्हीलॅन १० आणि व्हीलॅन २० ची दोन साधी पोर्ट एकमेकांना जोडली गेली तरी दोन्ही व्हीलॅनचे एकच जाळे होते आणि हीच अडचण येते.

उपकरणांची यादी करणारी सॉफ्टवेअरही इथे अडखळतात. मॅक आयडी हीच ओळख धरणाऱ्या यादीत एक स्विच अनेकदा येतो, किंवा अनेक गेटवे मिळून एकच उपकरण दिसते.

स्विच बदलताना

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतल्या अनेक कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. मेन्टेनन्सची मोठी कामे त्या दिवशी काढतात. जुना स्विच उतरवून त्याच कॉन्फिगरेशनचा नवा चढवला तर आयपी तेच राहतात, पण मूळ पत्ता नवा असल्याने व्हीलॅन इंटरफेसचे मॅक आयडी बदलतात. नवा इंटरफेस सुरू होताना न विचारताच एआरपीने आपला पत्ता जाहीर करतो आणि बहुतेक उपकरणे जुनी नोंद बदलतात. जी बदलत नाहीत, ती नोंद मुदत संपेपर्यंत धरून बसतात. सिस्कोच्या अनेक उपकरणांत ही मुदत मूलतः चार तासांची आहे. एआरपीची नोंद हाताने पक्की केलेली असेल तर ती आपोआप कधीच सुधारत नाही. अशा वेळी सेलच्या आतला संवाद सुरळीत असतो, लाइन चालते, फक्त सर्व्हरकडे आकडे जात नाहीत.

पत्ता पेटीपासून सोडवणे हा यावरचा उपाय. व्हीआरआरपी पद्धतीत दोन राउटर मिळून एक आभासी गेटवे चालवतात आणि त्याचा मॅक आयडी ००-००-५ई-००-०१ यापुढे गटाचा क्रमांक जोडून होतो. सिस्कोच्या एचएसआरपीच्या पहिल्या आवृत्तीत तो ००-००-०सी-०७-एसी यापुढे गट क्रमांक, असा असतो. एक स्विच बंद पडला तर दुसरा तोच पत्ता चालवतो आणि पीएलसीला काही कळत नाही. व्हीआरआरपीत गटाला एकच जोडी असल्यामुळे क्रमांक २५५ पर्यंतच जातात. पण तोच क्रमांक वेगळ्या व्हीलॅनवर पुन्हा वापरता येतो.

एकावर एक रचून एकच स्विच म्हणून चालवलेल्या संचात सगळ्यांचा पत्ता मुख्य स्विचकडून येतो. कॅटॅलिस्ट ३७५० मध्ये मुख्य स्विच निघून गेला की नव्या मुख्याचा पत्ता लागू होतो, आणि त्याबरोबर व्हीलॅन इंटरफेसचे पत्तेही बदलतात. जुना पत्ता काही मिनिटे किंवा कायम धरून ठेवण्याची वेगळी आज्ञा तिथे आहे.

प्रोफिनेटने हा प्रश्न आपल्या पातळीवर आधीच सोडवला आहे. दोन पोर्ट असलेल्या प्रोफिनेट उपकरणाला तीन मॅक आयडी लागतात: एक इंटरफेसचा आणि एकेक दोन्ही पोर्टचा. पोर्टचे पत्ते शेजाऱ्याला ओळख देण्यासाठी वापरले जातात. पण कंट्रोलर उपकरणाला ओळखतो तो नावाने. उपकरण बदलले की शेजाऱ्यांकडून आलेल्या माहितीवरून कंट्रोलर त्याची जागा ओळखतो आणि जुने नाव नव्याला देतो. सीमेन्सच्या स्कॅलन्स स्विचमधले सी-प्लग हे काढता येणारे कार्डही कॉन्फिगरेशन नव्या स्विचमध्ये नेते. मॅक आयडी मात्र ज्या त्या पेटीचाच राहतो.

म्हणून कारखान्याच्या नेटवर्कची नोंद ठेवताना चार गोष्टी लिहिल्या जातात: स्विचचा मूळ पत्ता, प्रत्येक व्हीलॅन इंटरफेसने प्रत्यक्षात सांगितलेला मॅक आयडी, तो वेगळा आहे की सामायिक, आणि तो स्विचच्या संचातला आहे, हाताने दिलेला आहे की व्हीआरआरपीचा. फायरवॉलचे नियम, एआरपीच्या पक्क्या नोंदी आणि पोर्टवरची सुरक्षा यांत यांपैकी कोणता पत्ता वापरला आहे हेही त्यापुढे लिहिले, म्हणजे स्विच बदलल्यावर कुठे कुठे हात लावायचा त्याची यादी आधीच तयार असते.